प्रश्न उर्जासाठी होते

शशिधर बिवलकर मूळचा मिरजेचा. १९९३ साली बायको नंदा आणि दोन वर्षांची उर्जा यांना घेऊन तो जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आला आणि तिथल्या एका लहानशा इंजिनिअरिंग ऑफिसात मोटारींच्या दारांवर काम करू लागला. दार लावल्यावर कसा आवाज यायला हवा, एवढाच त्याचा विषय. हजारभर दारं ऐकून ऐकून त्याचा कान इतका तयार झाला होता की माझ्या जुन्या गाडीत बसला की पहिल्या वळणावरच सांगायचा, "मागच्या डाव्या दाराचं रबर गेलंय तुझं."

मी राहतो ब्राउनश्वाइगला, त्याच्यापासून अर्ध्या तासावर. आमची ओळख हानोफरच्या गणपतीत झाली आणि ती झाली जेवणावरूनच. आमच्या मंडळात शशिधरच्या खाण्याचं कौतुक होतं. पंगतीत शेवटी जिलबीचं ताट निघालं की कुणीतरी ओरडायचं, "शशीकडे घेऊन या रे!" मग सगळे मोजायला लागायचे. तोही हसत हसत, मान हलवत, "बास, बास" म्हणत खात राहायचा. मीही त्याच्या पानात वाढलेलं आहे, आग्रह करकरून. आणि एवढं खाऊनही अंगानं अगदी बेताचा. बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. "मिरजेचं पाणी," तो म्हणायचा.

२००६ सालची गोष्ट. फुटबॉलचा वर्ल्ड कप होऊन गेला होता, शाळा सुरू झाल्या होत्या. उर्जा पंधरा वर्षांची होती. उन्हाळ्यात एकदम उंच झाली, चेहरा उतरल्यासारखा दिसायला लागला, आणि तिनं घरी जेवणं जवळजवळ बंद केलं. नंदावहिनी सकाळी एका बालवाडीत मदतनीस म्हणून जात. दुपारी येऊन स्वयंपाक करत. उर्जा यायची, पाणी प्यायची आणि "खाल्लंय मी" एवढं जर्मनमध्ये सांगून खोलीत जायची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती नेहमी जर्मनमध्येच द्यायची. एक दिवस तिच्या दप्तरात वहिनींना तीन दिवसांच्या पोळ्या सापडल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या. वहिनी हादरल्या. त्यांच्या बालवाडीतल्या एका बाईंची मुलगी अशीच न जेवता न जेवता हॉस्पिटलात गेली होती.

"अहो, आपण डॉक्टरकडे न्यायला हवं हिला," त्या म्हणाल्या.

"वाढीचं वय आहे. खाईल भूक लागली की," शशिधर म्हणाला. पण टेर्मिन, म्हणजे डॉक्टरांची वेळ, त्यानंच घेतला आणि वहिनींना त्या दिवशी सुट्टी मिळेना म्हणून उर्जाला घेऊन गेलाही तोच.

प्राक्सिस, म्हणजे दवाखाना, डेटमेरोडे भागात होती. डॉक्टरीणबाईंचं नाव वेगेनर. काउंटरवरच्या मुलीनं उर्जाच्या हातात क्लिप लावलेली पाटी दिली. "हे आधी भरून दे. दोन मिनिटांचं काम आहे." पाटीवर एकच कागद असायला हवा होता, पण दोन एकमेकांना चिकटून आले होते. उर्जानं वरचा भरला, खालचा काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि नाव पुकारल्यावर एकटीच आत गेली. "वडिलांना नंतर बोलावते," असं डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या.

शशिधरनं चष्मा लावला आणि तो उरलेला कागद उचलला. आपल्या मुलीला नेमकं काय विचारलंय हे त्याला बघायचं होतं, एवढंच.

अर्ध्या पानावर पाच प्रश्न होते. समोर हो आणि नाही अशा चौकटी. पोट फार भरलं म्हणून तुम्ही मुद्दाम उलटी करता का, असा पहिला प्रश्न. शशिधर मनात म्हणाला, नाही. मग थांबला. म्हणजे, तो वमन करत होता. पण वमन वेगळं. मिरजेला सतराव्या वर्षी व्यायामशाळेत राजाभाऊंनी त्याला योगासनं शिकवली, तेव्हाच ही शुद्धिक्रियाही शिकवली होती. सकाळी, उपाशीपोटी, पंधरवड्यातून एकदा. ती विद्या होती. तिला उलटी म्हणणं म्हणजे शीर्षासनाला पडणं म्हणण्यासारखंच झालं. त्यानं शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि 'नाही'वर खूण केली.

पण पेन तिथून हलेना. कारण प्रश्नात सकाळ किंवा उपाशीपोट असं काही नव्हतंच. प्रश्न होता पोट भरलेलं असण्याबद्दल. आणि हल्ली तो वमन करायचा ते जेवल्यानंतर. पंधरवड्यातून एकदाही नाही. किती वेळा, हे त्यानं स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. त्यानं 'नाही' खोडलं. 'हो'वर खूण केली. मग समासात जर्मनमध्ये लिहिलं, "योग." आणि तो शब्द बघून त्यालाच कसंतरी झालं.

दुसरा प्रश्न होता, किती खातो यावर आपला ताबा राहिलेला नाही अशी काळजी वाटते का. त्याला मंडळातल्या जिलब्या आठवल्या आणि हसू आलं. पुरणपोळीसमोर कुणाचा ताबा राहतो? पण लगेच त्याला झ्यूल्फेल्डचा कालवा आठवला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो आठवड्यातून तीन-चारदा वाट वाकडी करून कालव्याच्या कडेला, जिथं बोटी खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढतात तिथं गाडी लावायचा. बेकरीतून आणलेली पिशवी मांडीवर. गाडी बंद, खिडक्या बंद. पिशवी रिकामी झाली की कागद दुसऱ्या पिशवीत घालून पेट्रोल पंपावरच्या डब्यात टाकायचा आणि मग घरी जाऊन वहिनींनी केलेलं सगळं जेवायचा. हे कुणाला माहीत नव्हतं. यात काही लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटत नव्हतं, आणि तरी त्यानं ते तेरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन प्रश्न वजनाचे होते. तिथं त्यानं 'नाही' लिहिलं आणि त्याला खूप बरं वाटलं. शेवटचा, खाण्याचे विचारच तुमचा दिवस चालवतात का. त्यानं बराच वेळ काचेच्या दाराकडे बघितलं. मग 'हो' लिहिलं.

खाली बारीक अक्षरात ओळ होती. दोन किंवा त्याहून जास्त उत्तरं 'हो' असतील तर डॉक्टरांशी बोलावं. त्यानं पुन्हा मोजलं. तीन. कागद उलटा करून बघितला, मागे काही नव्हतं. वय किती असावं, पुरुष की बाई, भारतातून आलेला की इथला, कशाचाच उल्लेख नव्हता. त्यानं कागदाची चार घड्या घालून तो खिशात टाकला.

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. उर्जाची उंची वाढली होती, त्या मानानं वजन थोडं मागे होतं, पण घाबरण्यासारखं काही नाही. कागदावर तिचं एकही 'हो' नव्हतं. "कागदावरून मी काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्याशी बोलले, तपासलं. ती जेवते. घरी का जेवत नाही, ते तिनंच तुम्हाला सांगावं असं मला वाटतं. सहा आठवड्यांनी परत या."

गाडीत बसल्यावर उर्जानं पट्टा लावला आणि विचारलं, "किती आले?"

"कसले किती?"

"दार काचेचं आहे, आतून दिसतं. मी बघितलं तुला लिहिताना."

"शून्य," शशिधर म्हणाला.

"बाबा."

"अगं, ते तुम्हा मुलींसाठी असतं."

"त्यावर कुठं लिहिलंय मुलींसाठी?"

त्यानं गाडी सुरू केली. उर्जा खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी युलियाकडे जेवते. शाळेत जेवते. घरी नाही जेवता येत मला. जेवण झालं की तू वर जातोस आणि मला ऐकू येतं. माझी खोली बाथरूमला लागूनच आहे. मग पुढच्या वेळी आई वाढायला लागली की मला तेच आठवतं. घास उतरत नाही."

"ते वमन आहे, उर्जा. योगातला प्रकार आहे. मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून..."

"योग असेल तर नळ का सोडतोस?"

घराकडे वळायचं वळण निघून गेलं, ते त्याला पार फोर्सफेल्डेपर्यंत गेल्यावर कळलं. त्यानं एका बसस्टॉपवर गाडी वळवून घेतली.

हे सगळं मला त्यानं दोन आठवड्यांनी सांगितलं, आलरझेच्या तळ्याभोवती फिरताना. इतकी वर्षं आम्ही मित्र, पण त्याला इतका गोंधळलेला मी कधी पाहिलं नव्हतं. तो सारखा एकाच गोष्टीवर यायचा. नेमकं कधी? दाराचा आवाज बिघडला की तो मागे मागे जाऊन शोधून काढायचा, कुठल्या महिन्यात कुठला भाग बदलला तेव्हापासून. इथं त्याला तशी तारीख सापडत नव्हती. पंधरवड्याचं आठवड्यावर आलं, ते इथं आल्यावर. सकाळचं संध्याकाळवर आलं, ते बहुधा एका दिवाळीला, फार जेवण झालं म्हणून. "त्या दिवशी वाटलं, अरे वा, ही तर सोय आहे," तो म्हणाला. "त्या दिवसापर्यंत योग आणि त्यानंतर आजार, असं असतं का? क्रिया तीच. माणूस तोच."

मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "फार विचार करू नकोस. थोडं कमी खा." तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. तेच जमत नाही."

त्या रविवारी दुपारी त्यानं मिरजेला राजाभाऊंना फोन लावला. राजाभाऊ पंचाहत्तरीला आले होते, कानानं कमी ऐकत होते. शशिधरनं नाव सांगितलं, दोनदा. मग विचारलं, "राजाभाऊ, वमन किती दिवसांनी करायचं?"

"पंधरवड्यानं. तब्येत बघून. का रे?"

"जेवल्यानंतर केलं तर चालतं?"

"काय म्हणालास?"

"जेवल्यानंतर. जेवण झाल्यावर."

मग राजाभाऊ म्हणाले, "जेवलेलं अन्न कशाला काढायचं? तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही."

"मी नाही रे सांगितलं." एवढं बोलून त्यांनी विचारलं, तिकडे थंडी किती, मुलंबाळं किती. फोन ठेवता ठेवता मात्र पुन्हा म्हणाले, "शशी, मी तसं शिकवलं नव्हतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण एक घाबरलेपण होतं. आपणच तर काही चुकीचं केलं नाही ना, असं. शशिधरला वाटलं होतं की ते एकतर रागावतील नाहीतर हसण्यावारी नेतील. दोन्ही झालं नाही आणि तो आणखीच चक्रावला.

वहिनींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यानं खिशातला तो कागदच टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मग परत वाचला, आणि त्यांना तो उर्जाचाच वाटला. "अहो, तीन 'हो' आहेत! आणि तुम्ही म्हणालात काही नाही!"

"अक्षर बघ."

त्यांनी अक्षर बघितलं. समासातला 'योग' बघितला. मग म्हणाल्या, "पण हे बारीक मुलींना होतं ना?"

"मलाही तेच वाटत होतं."

"मग इतकी वर्षं मी जे करून वाढत होते..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. उठल्या, ओट्यावर कणीक मळलेली होती ती झाकून ठेवली आणि परत येऊन बसल्या. "तुम्हाला आवडत नव्हतं का?"

"आवडतं म्हणूनच तर खातो."

"मग टाकून का देता?"

शशिधर म्हणतो, त्या क्षणी त्याला पहिल्यांदा रडू आलं. कारण प्रश्न इतका सरळ होता. वहिनीही रडल्या, पण त्या कशासाठी रडत होत्या हे त्याला कळेना, आणि विचारायचा धीर झाला नाही. त्या संध्याकाळी घरात स्वयंपाक झाला नाही. उर्जानं खोलीतून येऊन तिघांना ब्रेड आणि चीज मांडलं. तिघं एका टेबलावर बसली, आणि जेवण झाल्यावर शशिधर वर गेला नाही. तासभर तो टेबलाची कड धरून बसला होता. उर्जाही उठली नाही. गणिताची वही तिथंच आणून बसली.

सहा आठवड्यांनी उर्जाबरोबर गेला तेव्हा त्यानं स्वतःसाठीही टेर्मिन घेतला होता. घड्या पडलेला कागद त्यानं डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मला तो आजार आहे का?"

"कागद तसं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "कागद फक्त एवढंच सांगतो की याला आणखी विचारा. आता मी विचारते."

त्यांनी अर्धा तास विचारलं. रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. दातांबद्दल विचारल्यावर शशिधर दचकला. दातांच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की मागून दात झिजलेत, ॲसिडमुळे. तेव्हा त्यानं लिंबाच्या लोणच्यावर ढकललं होतं. वमनाबद्दल डॉक्टरीणबाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तरुणपणी काय करत होता त्यावर मी मत देणार नाही. आता ते न करता तुम्ही राहू शकता का, एवढंच सांगा." तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "नाही." मग म्हणाला, "माहीत नाही." त्यांनी तिन्ही उत्तरं लिहून घेतली आणि पुढच्या उपचारासाठी यूबरवायझुंगची, म्हणजे तज्ज्ञांकडे पाठवण्याची, चिठ्ठी दिली.

उपचाराला जागा मिळायला पाच महिने लागले. ब्राउनश्वाइगमध्ये दर मंगळवारी दुपारी एक गट भरायचा. पहिल्या दिवशी तो गेला तेव्हा गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सात मुली बसल्या होत्या, विशी-पंचविशीतल्या. त्यातल्या एकीनं अदबीनं विचारलं, "तुम्ही कुणाचे वडील?" तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे, वडील आहे, पण आलोय माझ्यासाठीच." कुणी हसलं नाही. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं त्याला कळायचं नाही. त्यांना बारीक व्हायचं होतं, आरशाचा त्रास होता. त्याला तसं काही नव्हतं. आपण चुकीच्या खोलीत आलोय असं वाटून दोनदा तो मधूनच उठून आला. मग एका मंगळवारी त्यातली एक मुलगी गाडीत बसून खाण्याबद्दल बोलली. खिडक्या बंद करण्याबद्दल, कागद दुसरीकडे नेऊन टाकण्याबद्दल. शशिधर त्या दिवशी शेवटपर्यंत बसला. नंतर पार्किंगमधून त्यानं मला फोन केला. "ती तेवीस वर्षांची आहे, ओल्डेनबुर्गची आहे, आणि तिनं माझं सांगितलं," एवढंच म्हणाला. ते ऐकून त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

वर्षभरात हळूहळू ते थांबलं. दोनदा पुन्हा झालं, एकदा ऑफिसातली नोकरी जाणार अशी बातमी उठली तेव्हा आणि एकदा काहीही कारण नसताना. दुसऱ्या वेळी तो जास्त घाबरला. त्यानं दोन्ही वेळा वहिनींना सांगितलं. त्याही आता वाढण्याआधी विचारायला शिकल्या होत्या, पण ते त्यांना जड जायचं. मध्येच हात पुढे व्हायचा, तूप वाढायला, आणि त्या तो मागे घ्यायच्या. मंडळात त्यानं काही सांगितलं नाही. गणपतीत जिलबीचं ताट त्याच्याकडे आलं तेव्हा त्यानं एक घेतली आणि पानावर हात आडवा धरला. "काय शशी, म्हातारा झालास?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही. तेव्हा मी काय बोलायला हवं होतं, ते अजून मला नीट उमगलेलं नाही.

उर्जा घरी जेवायला लागली, तेही एका दिवसात नाही. आधी रविवारी, मग अधूनमधून. दहावी झाल्यावर, २००८च्या सप्टेंबरात, ती विमानांच्या दुरुस्तीचं काम शिकायला हॅम्बर्गला गेली. शशिधर तिचं सामान पोचवायला गेला होता. दिवसभर पाऊस. खोलीत खोकी चढवून झाल्यावर दोघं बंदरावरच्या बोटीत बसली, काही काम नव्हतं म्हणून. उर्जानं दोन चीजचे पाव आणले होते. त्यानं आपला अर्धा खाल्ला आणि हातात धरून बसला.

"झालं पोट?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"कळत नाही गं," तो म्हणाला. "तुला कसं कळतं?"

तिनं विचार केला. "मला तरी कुठं कळतं. मी थांबते, एवढंच."

त्यानं उरलेला पाव कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. मग थोड्या वेळानं बाहेर काढला, अजून एक घास खाल्ला आणि परत ठेवला. पलीकडे क्रेन कंटेनर उचलत होत्या. उर्जा त्याला सांगत होती, कुठल्या दिशेला तिचा कारखाना आहे, पण पावसात तिकडचं काहीच दिसत नव्हतं.